पुराव्याची वही: कृष्णाकाठच्या आणि जर्मनीतल्या एका शाळेचा वादविवाद

पार्श्वभूमी

कृष्णा-पंचगंगेच्या संगमापासून फार लांब नसलेली एक मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा आणि जर्मनीत ऱ्हाईनलँड-फाल्ट्स राज्यातलं एक गिम्नाझियुम (तिथली माध्यमिक शाळा), या दोघांनी मिळून एक सत्रभर चालवलेल्या उपक्रमाचं हे प्रकरण आहे. शाळा, गावं आणि माणसं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. दोन्हीकडच्या शिक्षकांच्या नोंदी आणि मुलांची टिपणं मला वाचायला मिळाली, आणि शेवटच्या फेऱ्यांना मी स्वतः बसलो होतो.

जोडी जमली ती एका माजी विद्यार्थिनीमुळे. ती लग्नानंतर जर्मनीत गेली, आता तिची मुलगी त्या गिम्नाझियुममध्ये शिकते. दोन्ही शाळांना जोडणारा धागा मात्र पुराचा. १४ जुलै २०२१ च्या रात्री त्याच राज्यातल्या आर नदीच्या खोऱ्यात पाणी चढलं आणि एकट्या त्या खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर नऊ दिवसांतच चिपळूण बुडालं, रायगडातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि पंचगंगा कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांपर्यंत गेली. तिथली धोका पातळी ४३ फूट आहे. कृष्णाकाठच्या मुलांनी त्याआधी २०१९ चाही महापूर पाहिला होता. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी किती, हा प्रश्न या भागात लहान पोरंही सहज विचारतात.

पुराबरोबर दोन्हीकडे अफवाही आल्या. आर खोऱ्यात पोलिसांच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या, भोंगे लावलेल्या गाड्या फिरत होत्या आणि बचावपथकं कमी करणार असल्याचं खोटंच सांगत होत्या. कोब्लेंझच्या पोलिसांना तसा इशारा द्यावा लागला होता. शेकडो मुलांचे मृतदेह सापडल्याची निखालस खोटी बातमीही पसरली. इकडे ‘कोयनेचे दरवाजे उघडले’, ‘अमुक धरणाला तडा गेला’ हे दर पावसाळ्यातलंच.

मुख्याध्यापकांना हा विषय घ्यायचा होता त्यामागे वेगळंही कारण होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं, की फोनवर मर्यादा घालून भागणार नाही, मुलांनी प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे.

अडचण

आखणी सरळ होती. पहिले काही आठवडे बातमी कशी तपासायची ते शिकायचं, नंतर मिळून वादविवाद. साडेचारला इकडची शाळा सुटली की तिकडे दुपारचा एक वाजलेला असे. भाषा इंग्रजी. वादविवादासाठी जागतिक शालेय स्पर्धेचा नमुना घेतला होता: तीन विरुद्ध तीन, एकानंतर एक भाषणं, मध्येच उभं राहून प्रश्न टाकायची मुभा, शेवटी परीक्षकांचा निकाल.

दोन्ही गटांची घडण वेगळी होती, हे पहिल्याच सरावात दिसलं. आपल्याकडची मुलं वक्तृत्व स्पर्धांत तयार झालेली. सरांनी लिहून दिलेलं भाषण, ‘सन्माननीय व्यासपीठ’, मध्ये एक शेर, घंटा वाजायच्या आत समारोप. बोलणं उत्तम, पण समोरच्यानं नेमकं काय म्हटलं हे टिपून त्याचं खंडन करायची सवय नाही. जर्मन मुलं घाईत, विस्कळीत बोलत, पण प्रत्येक वाक्याला ‘हे कुठून आलं?’ विचारत.

ठिणगी पडली ती ‘पुराच्या काळात अफवा पसरवणाऱ्यांना शिक्षा व्हावी का’ या सराव-फेरीत. आपला एक मुलगा विरुद्ध बाजूनं बोलत होता. मुद्दा चांगला होता: सरकार उशिरा बोलतं आणि अडचणीचं ते बोलतच नाही, म्हणून लोक एकमेकांना सांगतात. उदाहरण म्हणून त्यानं एक क्लिप दाखवली. तुडुंब भरलेलं धरण, बंद दरवाजे, वर ‘आजचं अलमट्टी’ अशी पट्टी. अलमट्टी म्हणजे कृष्णेवरचंच, पण खाली कर्नाटकातलं धरण. काकांच्या ग्रुपवर आली होती.

दोन मिनिटांत जर्मन गटातल्या मुलीनं क्लिपमधलं एक चित्र नेटवर उलट शोधलं, म्हणजे तेच चित्र आधी कुठे आलं होतं ते काढलं. धरण दुसऱ्याच देशातलं होतं, क्लिप कित्येक वर्षं जुनी. तिनं स्क्रीन सर्वांना दाखवली आणि म्हणाली, की अलमट्टीमुळे पूर येतो हीच मुळात अफवा आहे, हे आत्ता सिद्ध झालं. परीक्षकांनी तिच्या बाजूला गुण दिले.

तो मुलगा खाली बसला. पुढच्या सत्राला आला नाही.

दोष क्लिप दाखवणाऱ्याचा, असं वरवर वाटतं. त्याची क्लिप खोटी होती, यात वाद नाही. पण त्या मुलीचा निष्कर्षही तितकाच चुकीचा होता, आणि त्याला गुण मिळाले होते. अलमट्टीचा प्रश्न अफवेतून उगवलेला नाही. धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० मध्ये दिली, आणि त्यावरून दोन राज्यांत अजून वाद चालू आहे. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला त्या पुरासाठी जबाबदार धरलं नाही. पूरग्रस्त भागातल्या अनेक कार्यकर्त्यांना आणि काही अभियंत्यांना तो निष्कर्ष मान्य नाही, धरणात अडलेल्या पाण्यामुळे मागे नदी फुगते, हा फुगवट्याचा मुद्दा ते आजही लावून धरतात. म्हणजे क्लिप खोटी आणि प्रश्न खरा. वर्गात शिकवलेल्या युक्तीत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायची सोयच नव्हती.

यात वादविवादाच्या नमुन्याचाही हात होता. जिंकण्यासाठी खेळताना तपासणी हे हत्यार होतं. समोरच्याची एक चूक सापडली की त्याचं सगळं म्हणणं पाडायचं, हेच फायद्याचं. बातमी तपासायला शिकवताना मात्र आपल्याला उलटं हवं असतं: आपलंच म्हणणं चुकत असेल तर ते सोडता यावं. एका तासात दोन्ही शिकवायला बसलं की मुलं ज्याला गुण मिळतात ते शिकतात.

पुढे आलेले पर्याय

दोन्हीकडच्या शिक्षकांची त्या आठवड्यात लांबलचक बैठक झाली. नोंदींवरून ती बरीच तापलेली दिसते.

जर्मन शिक्षकाला हीच घटना पुढच्या तासाला सर्वांसमोर उदाहरण म्हणून घ्यायची होती, चूक आणि घाईचा निष्कर्ष दोन्ही. आपल्या बाईंनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, ‘त्या पोरानं घरी काकांना सांगितलं असणार, की तुमच्या क्लिपमुळं माझं हसं झालं. आता आणखी चारचौघांत नको.’ माझ्या मते बाई बरोबर होत्या. चूक उघड करून शिकवणं तिथे चालतं जिथे चूक करणाऱ्याला आपली जागा पक्की वाटते. परक्या भाषेत, परक्या मुलांसमोर, स्क्रीनवर, तशी जागा त्याला नव्हती.

पहिला पर्याय होता वादविवाद सोडून देण्याचा: फक्त तपासणी शिकवू, गप्पा मारू. यावर जर्मन शिक्षकानं बिहारमधल्या एका प्रयोगाकडे बोट दाखवलं. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन यांनी तिथे सुमारे १,२०० प्रौढांना घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं होतं. एकंदरीत फरक पडला नाही. सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांना तर आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखणं आणखी जड गेलं. नुसती युक्ती सांगून माणूस आपल्या बाजूच्या गोष्टीवर ती चालवत नाही. वादविवाद निदान दुसऱ्या बाजूनं बोलायला लावतो. नंतर बिहारमध्येच ५८३ गावांतल्या सुमारे १३,५०० किशोरवयीन मुलांना वर्गात बसवून, टप्प्याटप्प्यानं शिकवून पाहिलं, तेव्हा परिणाम दिसला आणि काही महिन्यांनीही टिकला. त्यामुळे वेळ देणं आणि शाळेतच करणं, या दोन गोष्टींवर एकमत झालं.

दुसरा पर्याय बाहेरचा पुरावाच बंद करण्याचा. फक्त तर्क, क्लिपा नाहीत, आकडे नाहीत. भांडण मिटलं असतं, पण मग तपासणी शिकवायची कशावर?

तिसरा पर्याय आपापल्या देशात, आपापल्या भाषेत वादविवाद घेऊन चित्रफिती एकमेकांना पाठवण्याचा. हा बाईंना आवडला होता. तो जर्मनीत अडला. तिथल्या पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचं चित्रण करता येत नव्हतं, आणि काही पालकांनी नाही म्हटलं. एका परीनं बरंच झालं, कारण समोरासमोर बोलण्यातच या जोडीचा अर्थ होता.

चौथा पर्याय अखेर ठरला: नमुना बदलायचा, आणि पुरावा दोन्ही बाजूंचा सामाईक करायचा.

काय केलं

नवा नमुना जर्मनीत शाळाशाळांतून चालणाऱ्या ‘युगेंड डेबाटीर्ट’ या स्पर्धेतून घेतला. चार जण, दोन बाजूनं, दोन विरुद्ध. सुरुवातीला प्रत्येकाला दोन मिनिटं. मग बारा मिनिटं मोकळी चर्चा, सूत्रसंचालकाशिवाय. शेवटी प्रत्येकाला एक मिनिट, ज्यात नवा मुद्दा आणायचा नाही. आत्ता जी चर्चा झाली ती पाहता मूळ प्रश्नाचं उत्तर काय, एवढंच सांगायचं. विषयाची माहिती, मांडणी आणि पटवून देणं यांच्या बरोबरीनं समोरच्याचं ऐकून त्याला धरून बोलण्यालाही तिथे स्वतंत्र गुण असतात. लिहून आणलेलं भाषण दोन मिनिटांत संपतं, पुढे ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बाजू ठरण्याआधी सगळ्यांनी मिळून एक वही करायची, तिला मुलांनीच ‘पुराव्याची वही’ म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक दाव्याला एक पान. कोण म्हणालं, सर्वात आधी कुठे आलं, कुठला भाग तपासला, कुठला राहिला. शेवटी चारपैकी एक शिक्का: खरं, खोटं, अर्धं, वादात. वहीत नसलेला पुरावा फेरीत वापरायचा नाही. बाजू फेरीच्या आदल्या दिवशी नाणं उडवून. आपल्याला कुठली बाजू येणार हे माहीत नसताना जमवलेला पुरावा मुलं बऱ्यापैकी प्रामाणिकपणे जमवतात, कारण उद्या तोच आपल्या विरुद्ध उभा राहू शकतो.

‘वादात’ हा शिक्का सुरुवातीला नव्हता. अलमट्टीचं पान करताना तो लागला. दोन्ही गटांनी लवादाचा निवाडा, समितीचा निष्कर्ष आणि आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं एकाखाली एक लिहिलं. क्लिपला ‘खोटं’ लागलं, प्रश्नाला ‘वादात’. निष्कर्ष काढणाऱ्या त्याच जर्मन मुलीच्या हातचं ते पान आहे.

तपासण्याच्या पद्धतीत दोन गोष्टी मुलांना खरोखर उपयोगी पडल्या. एक, संशयास्पद पानावर रेंगाळायचं नाही, बाहेर पडून त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते पाहायचं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक बातमी-तपासनीस यांना एकाच कामाला लावलं, तेव्हा तपासनीस याच सवयीमुळे पुढे निघाले. इतिहासकार एकाच पानावर बारकाईनं वाचत बसले आणि फसले.

दुसरी गोष्ट नेटशिवायची, साधी अंकगणिताची. शाळेतल्या एका मुलीनं घरच्या ग्रुपवरचा जुना मेसेज वहीत आणला: ‘कोयनेतून रात्रीत २५ टीएमसी पाणी सोडलं, सावध राहा.’ विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर मांडायला लावलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसभरात एक टीएमसी सोडायचं तर सरासरी विसर्ग ११,५७४ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट. रात्रीचे बारा तास धरले तर २५ टीएमसीला जवळपास ५ लाख ७९ हजार क्युसेक लागतील. २०१९ च्या महापुरातही कोयनेचा विसर्ग याच्या जवळपास नव्हता. कुणीतरी साठ्याचा आकडा विसर्गाचा म्हणून लिहिला असावा. पाण्याच्या बातम्यांतली निम्मी घबराट टीएमसी आणि क्युसेक यांच्या गल्लतीतून येते, असं सर म्हणाले. नेमकं निम्मी की नाही कोण जाणे, पण मुद्दा पटण्यासारखा आहे.

जर्मन गटाला वेगळाच धडा मिळाला. त्यांना शिकवलेला पहिला नियम होता, अधिकृत स्रोतावर विसंबा. आर खोऱ्याचं पान करताना त्यांच्या लक्षात आलं, की जिल्हा प्रशासनानं आपत्ती जाहीर करून घरं सोडायला सांगितलं ते रात्री ११ वाजून ९ मिनिटांनी. वरच्या गावांतून पाणी तेव्हा केव्हाच शिरलेलं होतं. अधिकृत स्रोत खोटं बोलत नव्हता, पण वेळेवर बोललाही नव्हता. शिक्षा व्हावी की नाही या पहिल्या फेरीत आपल्या मुलानं मांडलेला मुद्दा हाच होता. क्लिपच्या गोंधळात तो कुणी ऐकला नाही.

शेवटच्या फेरीचा विषय: आपत्तीच्या किंवा तणावाच्या काळात सरकारला मोबाइल इंटरनेट बंद करण्याचा अधिकार असावा का?

इथे अनुभवांचा फरक आपोआप पुढे आला. जून २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव झाला तेव्हा इंटरनेट बंद केलं होतं. मुलांच्या नातेवाइकांनी ते अनुभवलेलं. जर्मन मुलांच्या माहितीत नेट कुणी बंद केलं नव्हतं, पुरात ते आपलं आपणच गेलं होतं आणि अनेकांपर्यंत इशारेही पोचले नव्हते. म्हणून तिथे २०२३ मध्ये मोबाइलवर थेट वाजणारी इशारा-यंत्रणा सुरू झाली. आपल्याकडेही त्याच वर्षी तिची चाचणी झाली. तो कर्कश भोंगा सगळ्यांनाच आठवत होता. एकीनं सांगितलं, की तिच्या मावशीनं भोंगा ऐकून फोन फेकून दिला होता.

मोकळ्या चर्चेत बाजूनं बोलणारा जर्मन मुलगा म्हणाला, काही तास नेट बंद राहिलं तर बिघडलं काय? नववीतली आपली मुलगी थांबली, वहीतलं पान उलटलं, आणि म्हणाली, ‘अनुराधा भसीन खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की असा आदेश जाहीर करावा लागतो आणि बेमुदत बंदी चालत नाही. म्हणजे किती तास, कशासाठी, हे आधी सांगा. आणि बंद असताना खोटं कोण खोडणार? फोन तर चालूच असतो.’ इंग्रजीत तिला हे जड गेलं. शेवटचं वाक्य तिनं मराठीतच टाकलं आणि आमच्या माजी विद्यार्थिनीच्या मुलीनं ते जर्मनमध्ये सांगितलं.

शेवटच्या मिनिटात त्या मुलानं आपली बाजू अर्धी सोडली: अधिकार असावा, पण न्यायालयासमोर टिकेल अशा लेखी कारणासह आणि पुराच्या वेळी मुळीच नाही. आपल्या मुलीनं काही सोडलं नाही. तिला सोडण्यासारखं वाटलं नाही, आणि ते तिनं सांगितलं.

निष्पत्ती

आधी-नंतरची प्रश्नावली दोन्हीकडे भरून घेतली होती. पण इतक्या थोड्या मुलांवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, म्हणून ती इथे देत नाही. दिसलं ते असं. ‘खोटं आहे’ म्हणून विषय संपवण्याऐवजी ‘यातलं काय खोटं आहे’ असं विचारणं दोन्ही गटांत वाढलं. आपली मुलं टिपणं काढायला लागली. जर्मन मुलं निष्कर्षाला थोडी थांबायला लागली, सगळी नाही.

घरी गोष्ट वेगळी. पुढच्या पावसाळ्यात टीएमसीचं गणित करणाऱ्या मुलीनं घरच्या ग्रुपवर आलेला तसलाच मेसेज आजोबांना दाखवला. ‘आज्जा, ह्यो आकडा बसत न्हाई.’ आजोबा म्हणाले, ‘दोन हजार पाचचा पूर कुणी बघितला, तू का मी?’ त्यांनी मेसेज पुढे पाठवला. तिनं मग वेगळी वाट काढली: ग्रुपवर काही न लिहिता जलसंपदा विभागाचा त्या दिवसाचा विसर्गाचा तक्ता टाकला. कुणाला खोटं ठरवलं नाही. त्यावर तिच्या मामानं अंगठा दिला, आजोबांनी नाही.

क्लिप दाखवणारा मुलगा परत आला नाही. त्याला बोलावण्याचा प्रयत्न झाला, त्यानं क्रिकेटच्या सरावाचं कारण दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

सामाईक वही पहिल्या दिवसापासून हवी होती. तपासणी आधी, वादविवाद नंतर, ही आखणी कागदावर नीट दिसते, पण मुलं पहिला भाग परीक्षेसारखा संपवतात आणि दुसऱ्यात जिंकायला उतरतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच दाव्यावर चालायला हवं.

पहिल्या फेरीला गुण नकोतच. चुकीच्या निष्कर्षाला गुण देणारे परीक्षक दोन्ही शाळांबाहेरचे होते आणि त्यांना अलमट्टीबद्दल काही माहीत नव्हतं. ज्या विषयावर वाद, त्यातला जाणकार परीक्षकांत एक तरी हवा. सराव-फेरीसाठी तर स्थानिक वादाचा विषय टाळलेला बरा, कारण तिथे एका गटाला घरचं माहीत असतं आणि दुसऱ्याला फक्त शोधता येतं.

इंग्रजीची अट सैल करायला हवी होती. आपल्या मुलांचे सर्वात चांगले मुद्दे मराठीत आले आणि जर्मन मुलांचीही अडखळ कमी नव्हती. सुरुवातीची दोन मिनिटं मातृभाषेत, सोबत दुभाष्या विद्यार्थी, असं पुढच्या वर्षासाठी ठरलं आहे. दुभाष्यालाही गुण.

फोनचा प्रश्न कुणी आधी विचारलाच नाही. गिम्नाझियुममध्ये प्रत्येकाकडे स्वतःचं यंत्र, आपल्याकडे बहुतेकांचा फोन वडिलांचा, संध्याकाळी मिळणारा. उलट शोध कोण दोन मिनिटांत करतं आणि कोणाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, हे हुशारीवर ठरत नव्हतं. पुढच्या वेळी तपासणी फक्त सत्राच्या वेळेत, दोन्हीकडे एका गटाला एकच यंत्र.

आणि घड्याळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळं तासभर मागे जातात, हे वेळापत्रकात कुणी धरलं नव्हतं. त्या आठवड्यात आपली मुलं साडेचारला बसली आणि समोर रिकामी स्क्रीन. जर्मन गट आला तो साडेपाचला, आणि दोघींची शेवटची एसटी चुकली. त्यांना सरांनी मोटारसायकलवर सोडलं. नव्या वेळापत्रकात दोन्हीकडची वेळ शेजारी-शेजारी छापली आहे, आणि नोव्हेंबरची सत्रं शनिवारी सकाळी.